डाव्या इंजिनाचं स्तोत्र

इनोकेने घरात थोडे दिवस शांतता मागितली आणि सगळं तिथूनच बिघडलं. आमच्या बेटावरच्या वोतुआलेवूच्या वसाहतीत उसनी कुदळ मागा, मिळते. गाडीची बॅटरी मागा, मिळते. कपाट हलवायला शेजाऱ्याचा जावई मागितला तरी तो जेवता जेवता उठून येतो. शांतता मात्र कोणाकडेच जास्तीची नसते. त्यामुळे ती मागणाऱ्या माणसाला काहीतरी झालं असणार असं धरून लोक त्याची चौकशी करायला येतात, आणि येताना एकटे येत नाहीत.

इनोकेला झालं होतं ते एवढंच, की त्याला पाठांतर करायचं होतं. इतकी वर्षं तो बेटांवर जाणारं छोटं विमान चालवत होता. पुढे तो, मागे एखादी नर्स, दोन शिक्षक, टोपलीतल्या कोंबड्या आणि कुणाचं तरी शिलाई मशीन. त्या विमानात लक्षात ठेवायच्या गोष्टी म्हणजे पेट्रोल, वारा आणि धावपट्टीवर चरणारी गाय. पैकी गायही आता ओळखीची झाली होती. मग एका मोठ्या कंपनीने त्याला मोठ्या जेट विमानासाठी निवडलं, आणि जेटच्या आसपास फिरकू देण्याआधी एक जाडजूड पुस्तक त्याच्या हातात ठेवलं. यातल्या खुणा केलेल्या गोष्टी शब्दाला शब्द पाठ करून या, असं सांगितलं. पुस्तक उघडायला सवड नसते अशा संकटात काय काय करायचं, किती वाऱ्यात उतरायचं आणि किती वाऱ्यात मुकाट्याने माघारी फिरायचं, कुठल्या कळीनंतर कुठली कळ. मग तोंडी परीक्षा. पास झालात तर खरं शिक्षण सुरू. नापास झालात तर तुमची जागा रांगेतल्या पुढच्या माणसाची.

मागे फिरायची सोय उरली नव्हती. छोट्या कंपनीने गळ्यात हार घालून त्याला निरोप दिला होता आणि त्याच्या खुर्चीत दुसरा माणूस बसलाही होता. त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे आईच्या गावी डुकरं भाजून मेजवानी झाली होती आणि पाद्रीसाहेबांनी भर चर्चमध्ये ‘आपला जेटवाला इनोके’ असं म्हणून देवाचे आभार मानले होते. नोकरी एक वेळ परत मागता येईल. पण सगळ्या गावाने खाल्लेलं डुक्कर परत कसं करायचं, या विचाराने इनोकेला घाम फुटायचा.

कंपनीने पुस्तकाबरोबर कॉकपिटची दोन भलीमोठी कागदी चित्रंही दिली होती. नवा वैमानिक ही चित्रं घरात चिकटवतो, समोर खुर्ची मांडून बसतो आणि खऱ्या कळा दाबल्यासारखी बोटं फिरवत पुटपुटतो. जगभरचे वैमानिक हे करतात आणि जगभरच्या बायका ते सहन करतात. इनोकेच्या बैठकीच्या भिंतीवर त्याच्या बायकोच्या, वासितीच्या, माहेरची मासी होती, म्हणजे सालीच्या कापडावर काळ्या-तपकिरी नक्षीचा मोठा पडदा, लग्नात मिळालेला. तो उतरवताना वासिती काही बोलली नाही. ती बँकेत नोकरीला आहे; न बोलता नोंद घेणं तिला जमतं. पण दुसरं चित्र वैमानिकाच्या डोक्यावरच्या कळांचं होतं. ते छतालाच लावायला हवं होतं, आणि छताच्या बरोबर मध्यावर पंखा होता.

“पंखा लावला तर इंधनाचे पंप फाटतील,” इनोके म्हणाला.

“फेब्रुवारी चालू आहे, भर उन्हाळा,” वासिती म्हणाली.

“परीक्षा होईपर्यंतच गं.”

“अख्ख्या नांदी शहरात फेब्रुवारीत पंखा बंद असलेलं हे एकच घर असेल, आणि नेमकी मी त्यात असेन. तुझ्या आईला आत्ताच कळवून ठेव. मुलगा जेटवर गेला आणि सून उकडून गेली.”

तरी इनोकेने चित्र लावलं. वर कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून तो जेवणाच्या खुर्चीत ताठ बसायचा. घरच्या खुर्चीत असला तरी वैमानिकाने वैमानिकासारखं दिसावं असं त्याचं मत होतं. शर्ट लगेचच पाठीला चिकटायचा, आणि छतावरच्या इंधन-पंपावर एक पाल येऊन बसायची. हात वर केला की ती हलायची नाही. इनोकेच तो पंप सगळ्यात शेवटी चालू करायचा.

चौकशीला पहिले आले शेजारचे गौंडर काका. जन्मभर लाउतोका ते सिंगातोका बस चालवून ते आता घरामागे वाल आणि मिरच्या लावतात. त्यांनी चित्रापुढे उभं राहून बराच वेळ मान हलवली.

“एवढ्या कळा कशाला रे? माझ्या बसला एक हॉर्न होता. तोही गेला, तरी मी एक फेरी चुकवली नाही.”

“काका, हे सगळं पाठ करायचं आहे.”

“कशाला? समोर बघायचं, पाय ब्रेकवर ठेवायचा, म्हातारी नीट चढली का ते आरशात पाहायचं. झालं.” एवढं बोलून काका उजवीकडच्या खुर्चीत बसले. “यात दरवाजा उघडायचं बटण कुठलं?”

त्या दिवसापासून काकूंकडून रोज भिजवलेले बदाम येऊ लागले, आणि बदामांच्या पाठोपाठ काका. मग काकांच्या पाठोपाठ सगळी आळी. संध्याकाळी यंगोनाचं, म्हणजे मुळं कुटून केलेल्या आमच्या पेयाचं, लाकडी भांडं मध्ये ठेवून बसणारी मंडळी आता इनोकेच्या ओसरीवर बसू लागली, कारण अभ्यास करणाऱ्याला सोबत हवी. इनोकेने वाटीला नाही म्हटलं तेव्हा दोघांना मनापासून वाईट वाटलं आणि एकाने तर सरळ विचारलं, की जेटवाले झालात म्हणून आमची यंगोना आता चालत नाही का. ज्याला त्याला एकदा तरी एखादी कळ दाबून पाहायची होती. कुणाच्या तरी बोटाचा रस्सा उजव्या इंजिनाच्या तापमानावर सांडला आणि ते इंजिन त्यानंतर कायमचं तापलेलं दिसू लागलं. या गर्दीत इनोकेच्या डोक्यात जेमतेम दुसरी ओळ शिरायची, तोवर पहिली बाहेर पडलेली असायची.

तानिएला हा त्याचा मामेभाऊ. तोही त्याच तुकडीत निवडला गेला होता आणि परीक्षेत त्याच्या शेजारच्या खुर्चीत बसणार होता. आमच्याकडे आते-मामेभावांना एकमेकांची टर उडवायचा पूर्ण हक्क असतो. उडवली नाही तर उलट दोन घरांत काही बिनसलंय का, अशी शंका घेतात.

“काय कॅप्टनसाहेब, कुठवर आलं?” तानिएला दारातूनच विचारायचा.

“इंजिनाच्या आगीपर्यंत.”

“काल पण तिथेच होतास. एव्हाना विमान जळून राख झालं असेल.”

“तुझं झालं का पाठ?”

“मी तुझ्याकडे बघून करणार आहे,” तानिएला म्हणायचा आणि बदाम संपवून जायचा. त्याचा आवाज एवढा खर्जातला होता की तो गेल्यावरही खिडकीची तावदानं थोडा वेळ विचारात असायची.

ही कोंडी फोडली तानिएलाच्या वडिलांनी. कितिओने मामा आमच्या मेथॉडिस्ट चर्चच्या गायनमंडळाचे प्रमुख. मामांच्या मते जगात दोनच प्रकारची माणसं आहेत: वरच्या सुरातली आणि खालच्या सुरातली, बाकीचे भेद सरकारने पाडलेले. त्यांनी भाच्याला एकदा चाचपडताना ऐकलं आणि पुस्तक मिटून बाजूला ठेवलं.

“भाच्या, तुला स्तोत्रं किती पाठ आहेत?”

“सगळीच असतील, मामा.”

“पुस्तक बघून पाठ केलीस?”

“नाही. ती येतातच.”

“मग हे असं कोरडं काय वाचतोस? याला चाल लाव.”

आणि मामांनी तिथल्या तिथे लावली. चाल जुनी होती, चर्चमध्ये सगळ्यांच्या तोंडात बसलेली; मामांनी तिच्यावर कंपनीचे शब्द बसवले. “थ्रॉटल मागे घ्या, इंधनाची दांडी बंद करा, आगीची कळ ओढा.” तीन ओळी, आणि आमच्या रिवाजाप्रमाणे शेवटची ओळ पुन्हा एकदा, कारण शेवटची ओळ एकदाच म्हणून खाली बसणारं गायनमंडळ आमच्याकडे अर्धवट समजतात. इनोकेने एकदा म्हटलं, दोनदा म्हटलं, तिसऱ्यांदा तो पुस्तकाकडे न पाहता म्हणत होता. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. इतक्या दिवसांनी पहिल्यांदाच त्याला वाटलं, की आपण खरंच जेटवर जाणार.

त्यानंतर मग कुणी थांबायला तयार होईना. केबिनमधली हवा गेली तर काय करायचं, त्याची चाल दफनविधीतली होती. वाऱ्याच्या मर्यादा लग्नाच्या चालीवर बसल्या. गायनमंडळाचा सराव इनोकेच्या बैठकीत होऊ लागला. वासिती मधल्या सुरात गायची, त्यामुळे तिला तक्रारही करता येईना. पाहुण्यांना चहा, स्कोन आणि उकडलेला कसावा पुरवताना तिने एकदाच इनोकेला आठवण करून दिली, की त्याने मुळात शांतता मागितली होती. कुंपणापलीकडे गौंडर काका वालाला पाणी घालता घालता डाव्या इंजिनाची आग गुणगुणत होते.

सगळं असं सुरळीत चाललेलं असताना कंपनीने दुरुस्ती पाठवली.

दुरुस्ती म्हणजे पुस्तकातली काही पानं बदलली. आगीच्या प्रत्येक ओळीनंतर आता एक नवा शब्द होता: ‘खात्री.’ हात कळीवर ठेवायचा, मग शेजारच्या वैमानिकाने बघून ‘खात्री’ म्हणायचं, आणि मगच कळ हलवायची. घाईघाईत चुकीचं इंजिन बंद होऊ नये, एवढाच त्यामागचा हेतू. पण मामांना हेतूशी कर्तव्य नव्हतं. त्यांनी बोटांवर मात्रा मोजल्या आणि ते हळूहळू लाल झाले.

“बसत नाही,” ते म्हणाले. “ओळ लंगडते. कंपनीला चालीची काही कदर आहे की नाही?”

“मामा, कंपनीला माहीत नाही आपण गातो.”

“तर मग सांगायला हवं.”

इनोकेने विनवण्या केल्या, वासितीने समजावलं, पण मामा सुलू, म्हणजे आमची पुरुषांची लुंगी, नेसून, वर कोट आणि टाय चढवून कंपनीच्या दारात हजर झाले. हातात यंगोनाच्या मुळांची रंगीत फितीने बांधलेली जुडी होती, कारण आमच्यात कुठलीही विनंती रिकाम्या हाताने करत नाहीत. इनोके मागून गेला आणि दारातल्या कुंडीतल्या पामच्या आड उभा राहिला. आपण इथे भावी वैमानिक म्हणून आलो आहोत की भाचा म्हणून, हे त्याचं त्यालाच ठरवता येत नव्हतं.

काउंटरवरची मुलगी चांगल्या घरातली होती. मामांच्या हातात जुडी दिसताच ती काउंटरमागून बाहेर आली, फरशीवर मांडी घालून बसली, तिने रिवाजाप्रमाणे तळवे पोकळ धरून टाळ्या वाजवल्या, समोर बसलेल्या मामांची विनंती ऐकली आणि कंपनीच्या वतीने जुडी रीतसर स्वीकारली. तेवढा वेळ ऑफिस थांबलं. फोन वाजून बंद झाले. एक परदेशी साहेब हातात कॉफी घेऊन भिंतीला चिकटून उभा राहिला.

“स्वीकारलीत,” मामा समाधानाने म्हणाले, “म्हणजे दुरुस्ती रद्द.”

“जुडी कंपनीने स्वीकारली. दुरुस्ती विमान बनवणाऱ्यांनी केली आहे. ते समुद्रापलीकडे असतात,” मुलगी म्हणाली.

“त्यांना कळवा.”

“त्याला अर्ज लागतो.”

“आण अर्ज.”

“तो फक्त वैमानिकाला करता येतो. आणि वैमानिक म्हणजे ही परीक्षा पास झालेला.”

मामांनी या वाक्याचा बराच वेळ विचार केला. मग उठले, पामकडे पाहून “चल रे” म्हणाले आणि बाहेर पडले. कुंडीआडून इनोके निघाला तेव्हा सगळ्या ऑफिसने त्याला पाहिलं, आणि कॉफीवाल्या साहेबाने त्याच्याकडे बघून ओळखीची मान हलवली. पुढे बरेच दिवस इनोकेला ती मान आठवली की कान तापायचे.

घरी येईपर्यंत मामांचा चेहरा मात्र पालटला होता. खात्री द्यायची कोणी? शेजारच्या वैमानिकाने. म्हणजे दुसऱ्या आवाजाने. म्हणजेच खालच्या सुराने. एकट्याचं गाणं होतं ते आता दोघांचं झालं: वरचा सूर विचारतो, खालचा उत्तर देतो. विमान बनवणाऱ्यांनी नकळत का होईना पण चांगलं काम केलं, असं मामांनी जाहीर केलं आणि तानिएलाला बोलावणं पाठवलं. बाप समोर बसल्यावर त्याची टिंगल बंद झाली. इनोके हात पुढे करून म्हणायचा, “आगीची कळ,” आणि तानिएला पाताळातून उत्तर द्यायचा, “खा-त्री.” ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा यायचा. ओसरीवरच्या म्हाताऱ्यांनी आपणहून मान्य केलं, की असली खात्री त्यांनी जन्मात ऐकली नव्हती.

परीक्षा घ्यायला कॅप्टन तितिलिया होत्या. मूळच्या लाऊ बेटांकडच्या, केसांचा घट्ट अंबाडा, आणि पास झाला की नापास हे कागद हातात पडेपर्यंत उमेदवाराला कळू नये असा चेहरा. कागदी चित्रांऐवजी इथे लाकडी चौकटीत बसवलेलं सरावाचं कॉकपिट होतं, खऱ्यासारख्या कळांचं. इनोके डावीकडे, तानिएला उजवीकडे, आणि त्यांच्या मागे बाई. सुरुवातीचे प्रश्न सुरळीत गेले. वाऱ्याच्या मर्यादा सांगताना इनोकेचे खांदे जरा लग्नातल्यासारखे डुलले, पण आवाज त्याने ताब्यात ठेवला.

“आपण समुद्रावर आहोत,” बाई म्हणाल्या. “डाव्या इंजिनाला आग.”

घंटा वाजली. लाल दिवा लागला. सपाट आवाजात बोलायचं, असं इनोकेने स्वतःला बजावलं होतं, पण घंटेने नेमका षड्ज दिला.

“थ्रॉटल,” इनोके म्हणाला, आणि तो शब्द नुसता बोललेला नव्हता.

“खा-त्री,” तानिएलाने खालून उचललं. आमच्याकडे शेजारचा माणूस सुरात शिरला की गप्प बसवत नाही, तो दोष तानिएलाचा नव्हे.

डाव्या इंजिनाचं थ्रॉटल मागे आलं. इंधनाची दांडी, खात्री, बंद. आगीची कळ, खात्री, ओढली. लाल दिवा विझला. सगळं शब्दाला शब्द बरोबर, क्रमाने बरोबर, आणि खरं तर इथे थांबायचं होतं. पण गाणं थांबलं नव्हतं. शेवटची ओळ परत यायची होती. इनोकेच्या गळ्यातून ती परत आली, तिच्यामागून त्याचा हातही आला, आणि डावी कळ आधीच ओढलेली असल्यामुळे तो उजव्या कळीवर जाऊन टेकला.

“आगीची कळ,” इनोके म्हणाला.

“खा-त्री,” तानिएला म्हणाला, डोळे मिटून, मामांनी शिकवल्याप्रमाणे शेवटचा सूर लांबवत.

इनोकेने उजवी कळ ओढली. कॉकपिटमधले सगळे दिवे एकेक करून गेले.

मग मागून बाईंचा आवाज आला. “छान. डाव्या इंजिनाला आग होती, ते बंद केलंत. उजव्याला काही झालं नव्हतं, तेही बंद केलंत. आणि ते चुकून होऊ नये म्हणून जो दुसरा माणूस बसवलाय, त्याने त्याची खात्री केली. आता आपण ग्लायडर आहोत. पुढचं कडवं आहे का?”

“नाही, कॅप्टन,” इनोके म्हणाला.

“शुक्रवारी परत या. दोघेही. त्या वेळी जमलं नाही, तर जागा पुढच्या दोघांना जातील. आणि गाऊ नका.”

बाहेर गाडीत बसल्यावर तानिएलाने टर उडवली नाही, तेव्हा इनोकेला प्रकरण किती गंभीर आहे ते उमगलं. त्याला आईची आठवण झाली. ती प्रत्येक रविवारी आभाळाकडे बघून कुठलंही विमान दिसलं तरी ‘तो माझा’ म्हणायची. त्याला खरोखर रडू आलं, आणि ते त्याने शर्टाच्या बाहीने पुसलं. बाहीला इस्त्री होती, एवढंच काय ते वैमानिकासारखं उरलं होतं.

घरी सगळे जमले. गौंडर काका म्हणाले, की त्यांनी आधीच सांगितलं होतं. नेमकं काय ते त्यांना आठवेना. मामा कोपऱ्यात बसले होते. आपल्या चालीने विमान पाडलं हे त्यांच्या फार जिव्हारी लागलं होतं.

“गाऊ नका म्हणाली? मग बोलून दाखव,” वासिती म्हणाली.

इनोकेने प्रयत्न केला. चाल काढून घेतल्यावर खाली शब्दच नव्हते. मनातल्या मनात गायला तर सगळं आलं, पण शेवटच्या ओळीनंतर हात आपोआप पुन्हा उठला. त्याने तो दुसऱ्या हाताने धरला, तरी ओढ कायम होती. मामांनी शेवटची ओळ एकदाच म्हणून पाहा असं सुचवलं आणि सगळ्या मंडळाने एकदाच म्हणायचा प्रयत्न केला. लहानपणापासूनची सवय ती. सगळे थांबले, एकमेकांकडे पाहिलं, आणि कुणीतरी मागून सुरू केल्यावर सगळ्यांनी ओळ पुन्हा म्हटली. उजवं इंजिन पुन्हा बंद पडलं.

“मी आता खात्रीच देत नाही,” तानिएला म्हणाला.

“मग डावंही बंद होणार नाही, गाढवा,” इनोके म्हणाला.

वासिती कसाव्याचं ताट घेऊन दारात उभी होती. “स्तोत्र संपतं कशाने?” तिने विचारलं.

“शेवटच्या ओळीने,” मामा म्हणाले.

“नाही, मामा. शेवटची ओळ तुम्ही लोक कितीही वेळा म्हणता. आमेन म्हटल्यावर परत कुणी तोंड उघडलेलं मी अजून पाहिलं नाही. आमेन झालं की सगळे चपला शोधायला लागतात.”

मामांनी वर पाहिलं. पहिल्यांदा त्यांना ते पटलं नाही. इंजिनाच्या आगीला आमेन म्हणजे देवाला उगीच मध्ये ओढणं झालं. मग त्यांनी विचार केला, की आग लागल्यावर कुणीतरी देवाला मध्ये ओढणारच आहे, तर ते निदान ठरलेल्या जागी व्हावं. त्यांनी हात उचलला. मंडळ गायलं, थ्रॉटल, दांडी, कळ, आणि लगेच वरून खाली उतरणारं ‘आमेन’. ते झाल्याबरोबर खोलीतली सगळी माणसं सैल झाली, एकीने पर्स उचलली, ओसरीवरचा कुत्रा उठून जेवणाच्या दिशेने निघाला. इनोकेने आपल्या हाताकडे पाहिलं. हात मांडीवर होता.

शुक्रवारी कॅप्टन तितिलिया त्यांच्या मागे बसल्या आणि कोणताही प्रश्न न विचारता म्हणाल्या, “समुद्रावर आहोत. डाव्या इंजिनाला आग.”

घंटेने पुन्हा तोच षड्ज दिला. इनोकेने दात घट्ट धरले. चाल आत चालू राहिली, बाहेर फक्त शब्द आले, कोरडे, सरकारी. थ्रॉटल. खात्री. दांडी. खात्री. तानिएलानेही आज डोळे उघडे ठेवले होते. प्रत्येक वेळी तो कळ बघायचा, दिवा बघायचा आणि मगच बोलायचा. खात्रीचा अर्थ त्याच्या लक्षात आला होता, आणि तो त्याला गाण्याने नव्हे, नापास होण्याने शिकवला होता. आगीची कळ. खात्री. ओढली. लाल दिवा विझला.

इनोकेचा हात हवेत राहिला. आत शेवटची ओळ परत यायला निघाली होती. उजवी कळ तिथेच होती, चकचकीत, बोटांच्या अगदी जवळ. त्याला आईचं आभाळाकडे बघणं आठवलं, गाव आठवलं, आणि त्याच्या तोंडून स्पष्ट शब्द बाहेर पडला.

“आमेन.”

“आमेन,” तानिएला म्हणाला.

“आमेन,” मागून कॅप्टन तितिलिया म्हणाल्या.

इनोकेचा हात मांडीवर आला. उजवं इंजिन चालू होतं. त्याचे सगळे दिवे हिरवे होते. लाऊ बेटांवरची माणसं पाळण्यात असल्यापासून गातात, आणि आमेनला उत्तर दिल्याशिवाय राहणं हे तिकडे शिकवतच नाहीत. बाईंनी पेन उघडलं, बंद केलं, पुन्हा उघडलं. नंतर त्यांनी इंधनाचं विचारलं, तेलाच्या दाबाचं विचारलं, धावपट्टी ओली असेल तर काय, ते विचारलं. इनोकेने सगळ्याची उत्तरं दिली. शेवटी त्यांनी कागदावर सही केली आणि तो त्याच्या हातात दिला. त्यावर ‘उत्तीर्ण’ असं लिहिलेलं होतं, दोन्ही नावांपुढे.

तानिएलाने इनोकेच्या पाठीत गुद्दा घातला, म्हणजे दोन्ही घरांत सगळं ठीक होतं.

“एक गोष्ट,” बाई दाराशी थांबून म्हणाल्या. चेहरा होता तसाच होता. “खऱ्या विमानात शेवटचा शब्द मनातल्या मनात म्हणायचा. कॉकपिटच्या दाराला लागून प्रवासी बसलेले असतात. इंजिनाची घंटा वाजल्यावर आतून दोघांचा आमेन ऐकू आला, तर त्यांना मी काय सांगू?”